टाकी नौकेवर, पण ती रिती करायची कोठे?

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातील शिडाच्या बऱ्याच नौका पाण्याबाहेर काढल्या जातात. तळाला चिकटलेली कालवे आणि शेवाळ खरवडणे, रंगाचा हात देणे, शिडांची शिवण तपासणे, इंजिन उघडून पाहणे ही कामे या चार महिन्यांत उरकली जातात. याच काळात नौकामालकाला आणखी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. त्याची चर्चा सहसा चारचौघांत होत नाही. नौकेवर शौचालय कोणत्या प्रकारचे बसवावे, आणि त्यातील मैला कशात व किती काळ साठवावा, हा तो प्रश्न.

वरवर पाहता हा मालकाचा खाजगी निर्णय वाटतो. पैसे त्याचे, नौका त्याची, गैरसोयही त्याचीच. प्रत्यक्षात या निर्णयाचा परिणाम मांडवी, झुवारी आणि शापोरा नद्यांच्या मुखांपर्यंत, तेथे तिसऱ्या-कालवे काढून पोट भरणाऱ्यांपर्यंत आणि ती खाणाऱ्यांच्या ताटापर्यंत पोहोचतो. शिवाय हा निर्णय पूर्णपणे मालकाच्या हातातही नसतो. नौकेवर कितीही उत्तम टाकी बसवली, तरी ती उपसून घेणारी व्यवस्था धक्क्यावर नसेल, तर ती टाकी मैला रोखत नाही. नदीत पडण्याची वेळ तेवढी ती पुढे ढकलते.

चार पर्याय

लहान व मध्यम आकाराच्या शिडाच्या नौकांसाठी आज साधारण चार प्रकारच्या व्यवस्था उपलब्ध आहेत.

पहिली सर्वांत जुनी. हाताने चालवायचा पंप समुद्राचे पाणी भांड्यात ओढतो आणि मैल्यासह ते नळीवाटे नौकेच्या तळातील झडपेतून बाहेर टाकतो. हे यंत्र स्वस्त असते, त्याला वीज लागत नाही आणि त्याचे सुटे भाग खलाशी स्वतः बदलू शकतो. मात्र त्यातून निघणारे सारे काही थेट पाण्यात जाते.

दुसरी व्यवस्था साठवण टाकीची. शौचालय तेच असते, पण मैला बाहेर न जाता टाकीत जातो. टाकी भरल्यावर ती उपसण्यासाठी डेकवर एक तोंड बसवलेले असते. किनाऱ्यावरील पंपाची नळी त्याला जोडायची आणि टाकी रिकामी करायची. खोल समुद्रात टाकी सोडता यावी म्हणून बहुतेक नौकांवर दुसरा मार्गही ठेवलेला असतो. या दुसऱ्या मार्गामुळेच सारा घोळ होतो, कारण ती झडप उघडायला एका हाताचे आणि एका क्षणाचे काम पुरते.

तिसरी व्यवस्था उचलून नेता येणाऱ्या शौचालयाची. वरच्या भागात स्वच्छ पाणी, खालच्या भागात वीसेक लिटरची बंद पेटी. पेटी भरली की ती सोडवून किनाऱ्यावरील शौचालयात रिती करायची. नौकेच्या तळाला भोक पाडावे लागत नाही आणि उपसा पंपाचीही गरज पडत नाही. भरलेली पेटी उचलून धक्क्याच्या पायऱ्या चढणे मात्र कोणालाच आवडत नाही.

चौथी व्यवस्था कोरड्या शौचालयाची. यात मूत्र आणि विष्ठा सुरुवातीलाच वेगळी केली जातात. विष्ठा नारळाच्या भुश्श्यात मिसळून कोरडी होत राहते आणि एक छोटा पंखा ओल बाहेर काढत असतो. दोन्ही वेगळी राहिल्यामुळे दुर्गंधी बरीच कमी होते. हे शौचालय पाणी अजिबात वापरत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. मात्र ते पूर्ण खत तयार करते असे समजणे चूक आहे. काही आठवड्यांत रोगजंतू मरत नाहीत, त्यामुळे त्यातून निघणारा भुस्सा जमिनीवर नेऊन आणखी बराच काळ कुजवावा लागतो.

यांशिवाय मैला दळून बारीक करणारे विजेचे पंप बाजारात मिळतात आणि त्यांची जाहिरात अनेकदा ‘स्वच्छ’ व्यवस्था म्हणून होते. दळल्याने मैला डोळ्यांना दिसेनासा होतो, एवढेच. त्यातील जिवाणू व विषाणू जसेच्या तसे पाण्यात जातात. खाऱ्या पाण्यातून विजेच्या साहाय्याने क्लोरीन तयार करून मैला निर्जंतुक करणारी यंत्रे खरी प्रक्रिया करतात. पण त्यांना लागणारी वीज आणि त्यांची किंमत लहान नौकेला सहसा परवडत नाही.

टाकीचे साधे गणित

टाकी किती मोठी असावी, हे ठरवताना मैल्यापेक्षा पाण्याचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. नौकेवर चार माणसे राहत आहेत, प्रत्येक जण दिवसातून सहा वेळा शौचालय वापरतो आणि दर वेळी दीड लिटर पाणी ओढले जाते, असे धरू. पाणीच ३६ लिटर झाले. माणशी दीड लिटर मलमूत्र धरले तर आणखी ६ लिटर. म्हणजे दिवसाला ४२ लिटर. मध्यम आकाराच्या नौकेत जेमतेम मावणारी ७० लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही. पंपाचा दांडा सवयीने चार-पाच वेळा अधिक हलवला, तर ती एका दिवसातच भरते.

संध्याकाळी दोन तासांसाठी पाहुण्यांना मांडवीच्या मुखापर्यंत फिरवून आणणाऱ्या नौकेचे गणित निराळे असते. तेथे दहा-बारा माणसे असली, तरी शौचालयाचा वापर मोजकाच होतो. अशा नौकेला उचलून नेता येणारी एक पेटी पुरू शकते. याउलट, आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करणाऱ्या नौकेला मोठी टाकी किंवा कोरडे शौचालय घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणूनच शेजारच्या नौकेवर काय आहे, हे पाहून केलेली निवड बऱ्याचदा फसते.

दुर्गंधी आणि गळती

टाकी बसवूनही अनेक मालक ती वापरायचे टाळतात, याचे एक मोठे कारण दुर्गंधी आहे. ती टाळता येते, पण त्यासाठी काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते आणि सूक्ष्म जीवही असतात. नळीत साचून राहिलेले असे पाणी हवेअभावी सडू लागले की कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो. शिवाय खारे पाणी आणि मूत्र एकत्र आल्यावर नळ्यांच्या आत चुन्यासारखा कठीण थर बसतो आणि नळी हळूहळू अरुंद होत जाते. गोड्या पाण्याचा वापर केल्यास हे दोन्ही त्रास कमी होतात. टाकीची हवानळी रुंद असेल, तर आत हवा खेळती राहते आणि सडण्याची क्रिया तुलनेने निर्गंध होते. साध्या पाण्याच्या रबरी नळ्यांतून काही काळाने वास झिरपू लागतो. त्यामुळे मैल्यासाठी बनवलेल्या जाड नळ्याच घ्याव्या लागतात. पोलादी टाकीला मूत्र आणि क्षार यांच्या संयोगाने सांध्यांजवळ छिद्रे पडतात, म्हणून जाड पॉलिथिनची टाकी अधिक टिकाऊ मानली जाते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. भांडे जलरेषेच्या खाली असेल आणि नळीला जलरेषेच्या पुरेसे वर, हवेची झडप असलेले वळण दिलेले नसेल, तर बाहेरचे पाणी आपोआप आत ओढले जाऊ लागते. धक्क्याला बांधलेल्या, आत कोणीही नसलेल्या नौका या एका चुकीने बुडाल्याची उदाहरणे जगभर आढळतात. शौचालयाची निवड हा म्हणूनच स्वच्छतेइतकाच नौकेच्या सुरक्षिततेचाही विषय आहे.

नियम काय सांगतात

जहाजांच्या मैलापाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय नियम ‘मार्पोल’ कराराच्या चौथ्या परिशिष्टात आहे. ते २००३ मध्ये अमलात आले. त्यानुसार दळून निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे, आणि प्रक्रिया न केलेला मैला १२ सागरी मैलांपलीकडे, तोही जहाज किमान ४ नॉट वेगाने जात असताना हळूहळू सोडता येतो. १२ सागरी मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. पण हे परिशिष्ट आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या, ४०० टनांवरील किंवा १५ हून अधिक माणसे नेण्याची परवानगी असलेल्या जहाजांना लागू होते. शापोऱ्याहून किंवा बेतीहून निघून आग्वादच्या टोकाला वळसा घालून परतणारी शिडाची नौका या चौकटीत येतच नाही. ती ३ सागरी मैलही ओलांडत नाही.

तरीही तिला मोकळीक आहे, असे नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे २४ वे कलम कोणत्याही प्रवाहात प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई करते आणि मांडवी-झुवारी हे प्रवाहच आहेत. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात प्रदूषण प्रतिबंधाचे स्वतंत्र प्रकरण आहे. यांत्रिक नौकांसाठी प्रदूषण प्रतिबंधक प्रमाणपत्र असावे, तसेच धक्क्यांवर मैलापाणी स्वीकारण्याची सोय असावी आणि तिच्या वापरासाठी शुल्क घेता यावे, असा त्याचा रोख आहे. नौका आणि धक्का या दोघांची जबाबदारी एकत्र असते, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. प्रत्यक्षात मात्र छोट्या नौकांसाठी सर्वांना खुले, ठरलेल्या दराचे उपसा केंद्र ही गोव्याच्या नद्यांवर रुळलेली सोय नाही.

मांडवीतील कॅसिनो जहाजांच्या मैलापाण्याचा वाद पणजीकरांना नवा नाही. ती जहाजे मोठी आहेत, एका जागी उभी असतात आणि सर्वांच्या नजरेत असतात. त्यांच्याकडून हिशेब मागितला जातो आणि तो मागितलाच पाहिजे. लहान नौकांचे तसे नाही. त्या आज येथे, उद्या तेथे असतात आणि त्यांच्या टाकीत काय आहे, हे विचारणारा कोणी नसतो.

शिंपल्यांची साक्ष

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. गोव्याच्या नद्यांत पोहोचणाऱ्या मैल्याचा मोठा वाटा जमिनीवरून येतो. मलनिस्सारण वाहिन्यांना न जोडलेली घरे, पाझरणाऱ्या टाक्या, नाल्यांत सोडलेले सांडपाणी ही त्याची कारणे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत गोव्यातील ११ पट्टे होते. साळ नदी किंवा पणजीचा सांतिनेज नाला यांची दुर्दशा शिडाच्या नौकांनी केलेली नाही. मग मूठभर नौकांच्या मागे लागण्यात काय अर्थ, असे कोणी विचारू शकेल.

त्याचे उत्तर मैल्याच्या प्रमाणात नसून त्याच्या जागेत आहे. शहराचा मैला काही अंशी तरी टोंकसारख्या प्रक्रिया प्रकल्पातून जातो. नौकेचा मैला मात्र ताजा, कोणत्याही प्रक्रियेविना, नेमका खाडीच्या उथळ आणि शांत भागात पडतो, कारण नौका नांगर टाकते ती तेथेच. खाडीतील पाणी ओहोटीबरोबर बाहेर जाते आणि त्यातील बराचसा भाग पुढच्या भरतीबरोबर परत येतो. त्याच शांत, उथळ जागी तिसऱ्या, खुबे, शिनाणे आणि कालवे वाढतात. हे जीव पाणी गाळून जगतात. एक कालव तासाला काही लिटर पाणी आपल्या कल्ल्यांतून फिरवते आणि पाण्यातील विषाणू त्याच्या शरीरात साचत जातात. पाणी पुन्हा स्वच्छ झाल्यासारखे दिसले, तरी विषाणू आत राहतात.

हा केवळ तर्क नाही. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील लुइझियानाच्या किनाऱ्यावरील कालवे खाऊन अनेक राज्यांतील लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले. तपासात असे आढळले, की त्या भागात कालवे काढणाऱ्या २६ पैकी २२ नौकांवरील खलाशी आपला मैला नेहमीच पाण्यात टाकत होते आणि त्यांतला एक जण साथीच्या आधी स्वतः आजारी होता. तेथे कोणा शहराची मलवाहिनी फुटली नव्हती. दोषी होत्या त्या छोट्या नौका आणि त्याही कालवे काढणाऱ्यांच्याच. त्याआधी, १९८८ मध्ये, शांघायमध्ये मैलापाण्याने दूषित झालेल्या शिंपल्यांतून कावीळ पसरली आणि सुमारे ३ लाख लोकांना तिची लागण झाली.

गोव्यात नावशी आणि चिखलीच्या उपसागरांत पूर्वी खिडक्यांच्या तावदानांसाठी वापरली जाणारी पातळ, अर्धपारदर्शक शिंपली आजही आढळते. नावशी आणि सांकवाळ येथे मरिना उभारण्याच्या प्रस्तावांना स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला. त्यामागे मासेमारीची जागा जाण्याची भीती होती, तशीच पाणी बिघडण्याचीही होती. आज दोन-चार नौकांचे पाणी कोठे जाते, हेच सांगता येत नसेल, तर उद्या शंभर नौकांचे पाणी नीट हाताळले जाईल, यावर त्या मच्छीमाराने विश्वास का ठेवावा? मरिना हवी म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी दिले पाहिजे.

आधी सोय, मग सक्ती

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडण्यास बंदी आहे. त्याहीपुढे जाऊन एखाद्या जलक्षेत्रात प्रक्रिया केलेला मैलाही सोडू नये, असे राज्याला वाटल्यास तसा प्रस्ताव करता येतो. अशा प्रस्तावावर निर्णय देताना त्या भागात टाक्या उपसण्याच्या पुरेशा सोयी आहेत का, याची केंद्रीय यंत्रणा खातरजमा करते. १९९२ च्या कायद्याने अशा उपसा केंद्रांच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा सरकारने उचलण्याची व्यवस्था केली. तो पैसा मासेमारीच्या साहित्यावरील आणि नौकांच्या इंधनावरील करांतून येतो. म्हणजे नदी-समुद्र वापरणाराच तिच्या स्वच्छतेचा खर्च भरतो.

स्वीडनने १ एप्रिल २०१५ पासून हौशी नौकांना प्रादेशिक समुद्रात शौचालयाचा मैला सोडण्यास बंदी केली. शेजारच्या फिनलंडमध्ये द्वीपसमूहाच्या स्वच्छतेसाठी काम करणारी एक संघटना बेटांच्या परिसरात तरंगती उपसा केंद्रे चालवते. नौका त्याच्या कडेला लावायची, नळी स्वतः जोडायची आणि दहा-पंधरा मिनिटांत मोकळे व्हायचे. युरोपीय संघाच्या नियमानुसार तेथे विकल्या जाणाऱ्या हौशी नौकांवरील शौचालय टाकीला किंवा प्रक्रिया यंत्रणेला जोडलेले असावे लागते आणि टाकीचे तोंड प्रमाणित मापाचे असावे लागते. त्यामुळे कोणतीही नौका कोणत्याही केंद्रावर जोडता येते. माप एकच असणे ही बाब क्षुल्लक वाटते, पण सारी व्यवस्था तिच्यावरच उभी असते.

गोव्याला यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. घरांच्या सेप्टिक टाक्या उपसणारे टँकर राज्यात सर्वत्र फिरतात. पणजी, बेती, ब्रिटोना किंवा शापोरा येथील एखाद्या धक्क्यावर पंप, नळी, प्रमाणित जोड आणि एक बंद टाकी ठेवली आणि ठरलेल्या दिवशी टँकरने ती प्रक्रिया प्रकल्पात नेली, तर सुरुवात होऊ शकते. बंदर कप्तान खात्याला नौकांच्या नोंदणीच्या वेळी टाकीची क्षमता आणि डेकवरील तोंडाचे माप नोंदवून घेता येईल. वार्षिक परवान्याच्या नूतनीकरणाशी उपशाच्या पावत्या जोडल्या, तर टाकी केवळ शोभेसाठी आहे की वापरली जाते, हे वेगळे विचारण्याची गरजही राहणार नाही. खाऱ्या पाण्याचा आणि रासायनिक द्रव्यांचा भार प्रक्रिया प्रकल्पातील जिवाणूंना मानवत नाही. त्यामुळे गोड्या पाण्यावर चालणारी शौचालये आणि फॉर्मल्डिहाइडविरहित द्रव्ये वापरण्याची अट त्याबरोबरच घालावी लागेल.

तोपर्यंत मालकाने काय निवडावे? दिवसभराच्या फेऱ्या करणाऱ्या लहान नौकेसाठी आजच्या परिस्थितीत उचलून नेता येणारी पेटी किंवा कोरडे शौचालय हाच प्रामाणिक पर्याय आहे, कारण दोन्ही व्यवस्था किनाऱ्यावरील पंपावाचून चालतात. मुक्कामी प्रवास करणाऱ्या नौकेने पॉलिथिनची पुरेशी मोठी टाकी, रुंद हवानळी आणि डेकवर प्रमाणित तोंड घ्यावे. नदीत असेपर्यंत बाहेर जाणारी झडप कुलूप लावून बंद ठेवावी आणि धक्क्यावर टँकर बोलावण्याची व्यवस्था आधीच ठरवून घ्यावी. केवळ मैला दळणाऱ्या यंत्रावर पैसे खर्च करून समाधान मानणे ही मात्र स्वतःचीच फसवणूक ठरेल.

जगाला वळसा घालून आलेल्या नौदलाच्या ‘म्हादई’ आणि ‘तारिणी’ या शिडाच्या नौका दिवाडीच्या गोदीत बांधल्या गेल्या. अशा नौका घडवण्याचे कौशल्य या मातीत आहे, याचा गोमंतकीयांना अभिमान आहे. त्या तुलनेत धक्क्यावर एक पंप, एक नळी आणि एक ठरलेले माप ही अगदीच साधी गोष्ट आहे. ती होत नाही, याला तंत्रज्ञानाचा अभाव हे कारण नाही. नौकांचा मैला कोणत्या खात्याचा, हे अजून ठरलेले नाही, हेच खरे कारण आहे. येत्या हंगामात नौका पुन्हा पाण्यात उतरतील, तेव्हा त्यांच्या टाक्या रित्या असतील. त्या भरल्यावर कोठे जायचे, हे सांगणारी एक पाटी तरी तोवर धक्क्यावर लागायला हवी.